चार किल्ल्यांचं गाव

आमच्या गावात एस्टी स्टँडवर उतरलं की समुद्र दिसायच्या आधी पाटी दिसते. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, आणि वर मथळा: ‘एकट्या येणाऱ्या महिलांसाठी दहा सूचना.’ महिलांनी अंधार पडल्यावर किनाऱ्यावर फिरू नये. महिलांनी अनोळखी माणसाशी बोलू नये. महिलांनी अंगभर कपडे घालावेत. महिलांनी उगाच हसू नये, हेसुद्धा आहे, चौथ्या नंबरला. खाली लॉजमालक संघटनेचं नाव आणि अध्यक्षांचा फोटो. फोटोत ते हसतायत.

दहा सूचना, आणि दहाही बायांना. ज्याच्यापासून जपायचं त्याला एक ओळ नाही. त्याला बहुतेक वाचता येत नसावं.

नऊ सूचनांचं मी सोडून दिलं असतं. माझं भांडण दहाव्या सूचनेशी आहे: ‘महिलांनी खोलीचं दार नीट लावून घ्यावं.’ लावून घ्यावं म्हणायला काय जातं? त्या दारांची कुलपं माझ्या बापाने बसवलेली आहेत, आणि ती काय लायकीची आहेत हे मला चौदाव्या वर्षापासून माहीत होतं.

आमचं दुकान नारळवाला आणि चपलांचं दुकान यांच्या मधल्या फटीत आहे. फटच. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने श्वास रोखायचा. पुढे टेबल, टेबलाला शेगडा, त्यात किल्ली आवळायची आणि कानशीने घासायची. मागे मळकट पडदा. बाबांना सगळं गाव उस्ताद म्हणतं. साठ लॉज आहेत गावात, आणि पाहुणा म्हटला की तो किल्ली हरवणार. वाळूत पुरून येतो, लाटेला देऊन येतो. मग लॉजचा माणूस धावत आमच्याकडे. बाबा फक्त विचारायचे, “कुठला लॉज? कितवी खोली?” डोळे मिटायचे, मान हलवायचे आणि पडद्यामागे जायचे. आतून दोन मिनिटं किर्र-किर्र, किर्र-किर्र. बाहेर यायचे ते किल्ली घेऊनच. किल्ली जाऊन लावली की दार उघडायचं. नमुना नाही, माप नाही, काही नाही. लोक तोंडात बोट घालायचे.

चौदा वर्षांची असताना मी एकदा पडदा सरकवला. बाबा एका जुन्या पितळी तुकड्यावर नुसतीच कानस फिरवत होते. भिंतीवर चार खिळे होते. एकेका खिळ्याला तयार किल्ल्यांचा जुडगा, आणि जुडग्यांना लाल, पिवळा, हिरवा, पांढरा दोरा. आवाज पुरेसा झाल्यावर बाबांनी हिरव्या खिळ्यावरची एक किल्ली काढली, फुंकर मारली आणि मागे वळले तर मी.

“कुणाला बोलायचं नाही,” बाबा म्हणाले.

झालं होतं असं. बावीस वर्षांपूर्वी गावात अळंब्यांसारखे लॉज उगवले. सगळ्या मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं एकमत केलं, ते कुलपं स्वस्तात पडावीत म्हणून. कारखान्यातून पेट्याच्या पेट्या आल्या. बाबांनी सगळी कुलपं दारांना बसवली, आणि बसवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कारखान्याने किल्लीचे दात चारच प्रकारचे पाडलेत. म्हणजे गावात दारं हजार, किल्ल्या चार. एका लॉजमधली किल्ली समोरच्या लॉजमधलं दर चौथं दार उघडते.

बाबा सांगणार होते, असं ते म्हणतात. पण त्याच आठवड्यात एकाची किल्ली हरवली, बाबांनी खिशातून दुसरी काढून दिली, आणि तो माणूस म्हणाला, “अरे, तुम्ही तर उस्ताद आहात!” माझा बाप लबाड नाही. त्याला त्या दिवसापर्यंत कुणी काही म्हटलंच नव्हतं, एवढंच.

आणि मी? मी सोळा वर्षं गप्प बसले. पाटीवरची दहावी सूचना रोज येता-जाता वाचली आणि गप्प बसले. तेव्हा दुसऱ्यांना शिव्या देताना थोड्या माझ्यासाठीही बाजूला ठेवते.

ती बाई आली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. चाळिशीची, पायात साध्या चपला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. टेबलावर तिने एक किल्ली ठेवली.

“ही मला जरा समजावून सांगता का?”

बाबांनी किल्ली उचलून पाहिली. “चांगली आहे. काय झालं?”

“मी नर्स आहे,” ती म्हणाली. “काल आले. समोरच्या लॉजवर तिसऱ्या मजल्यावर नऊ नंबर. दार आतून किल्लीने लावलं, किल्ली उशाखाली ठेवली आणि आडवी झाले. अर्ध्या तासाने दार उघडलं आणि एक माणूस आत आला. टॉवेलवर. अंगातून समुद्र गळतोय. आला तो सरळ माझ्या पलंगावर बसला आणि कानातलं पाणी काढायला लागला.”

“अगं बाई!” माझ्या तोंडून निघालं.

“थांबा. मी ओरडले. तर तो माझ्याहून मोठ्याने ओरडला. म्हणे, माझ्या खोलीत काय करताय तुम्ही? मी एकटा माणूस आहे, मला फसवायला आलात का? टॉवेल धरून खाली पळाला आणि मॅनेजरकडे माझीच तक्रार केली.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर तो बिचारा चोरही नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचा नऊ नंबर होता. एक जिना जास्त चढला, किल्ली लावली, दार उघडलं. त्याचं काय चुकलं? पिवळा दोरा दोन्हीकडे.

“मॅनेजर काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, मॅडम, तुम्ही एकट्या आहात ना, मग जरा काळजी घ्यायची. आणि दाराला लावायला खुर्ची देतो म्हणाला. दिली. प्लास्टिकची आहे. मी बसले की तीच घाबरते.” तिने बाबांकडे पाहिलं. “मला एवढंच सांगा, त्याच्या किल्लीने माझं दार उघडलं कसं?”

“हवा,” बाबा म्हणाले. “खारी हवा आहे ना इथली. लोखंड खाते. मग कुलूप ढिलं पडतं.”

“दादा, अकरा वर्षं वॉर्डात काढली मी. खोटं बोलताना माणूस कसा आवंढा गिळतो ते मला चार खाटा पलीकडून दिसतं. पाणी प्या आधी.”

बाबा पाणी प्याले. दुसरं काय करणार?

मग तिने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, “मी समुद्र बघायला नाही आले हो. समुद्र काय, पाणीच आहे. मी झोपायला आले. घरी सासू, दीर, मुलं, शेजारी. कुणाचा रक्तदाब वाढला, कुणाला इंजेक्शन द्यायचं, दार वाजतंच. वॉर्डात घंटी वाजते. अकरा वर्षांत एकदा चार दिवस रजा मिळाली, तर म्हटलं जिथे मला कुणी ओळखत नाही तिथे जाऊन दार लावून झोपावं. एक दिवस खुर्चीकडे बघण्यात गेला. उरले तीन.”

मी बोलून गेले, “उद्या दुपारपर्यंत तुमच्या खोलीला असं दार करून देते की तुमच्याशिवाय कुणी उघडणार नाही. शब्द देते.”

तिने मान हलवली आणि निघाली. तिच्या त्या मानेत विश्वास नव्हता, पण नको म्हणायचीही ताकद उरली नव्हती. बाबा माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी दुकानच पेटवून दिलंय.

काम अवघड नव्हतं. आतून एक कडी बसवायची, बस्स. पूर्वी सगळ्या खोल्यांना आतून कड्या होत्या. लोखंडाच्या. खाऱ्या हवेने खाऊन त्या एकेक गळून पडल्या, आणि मालकांनी भोकांत लांबी भरून वर रंग फासला. कुलूप आहे ना, मग कडी कशाला?

मी पेटी घेऊन लॉजवर गेले. मॅनेजर काउंटरमागे फुगे फुगवत होता.

“नऊ नंबरला कडी बसवायला आलेय.”

“आत्ता?” त्याने फुग्याचं तोंड बोटांनी आवळलं. “ताई, सप्ताह चालू आहे.”

“कसला?”

“महिला सुरक्षा सप्ताह! उद्या सकाळी अकराला खाली जेवणाच्या हॉलमध्ये मुख्य कार्यक्रम. साठही मालक येणार. आणि तुम्ही आजच कडी बसवणार? लोक काय म्हणतील? म्हणजे इतके दिवस इथे सुरक्षा नव्हती का?”

“नव्हतीच.”

“तेच ना! ते दिसायला नको. सप्ताह संपू दे, मग बघू.”

“सप्ताह संपेल तेव्हा तिची रजा संपलेली असेल.”

मॅनेजरचा चेहरा खुलला. “मग तर प्रश्नच मिटला!”

मी त्याच्या हातातल्या फुग्याकडे बघितलं आणि मोठ्या कष्टाने हात मागे ठेवले.

“शिवाय,” तो म्हणाला, “दाराला नवीन भोक पाडायचं नाही, असा संघटनेचा नियम आहे. आणि मॅडमना राग नको म्हणून आम्ही त्यांचा उद्या सत्कारच ठेवलाय. एकट्या महिला पाहुण्या म्हणून. पुष्पगुच्छ! आणि उस्तादांना मानपत्र. बावीस वर्षं गावाची दारं सांभाळली म्हणून. तुम्ही पण या, नाश्ता आहे.”

संध्याकाळी घरी मी विषय काढला. घर म्हणजे दुकानाच्या वर दोन खोल्या. बाबा, मी आणि आत्या. आत्या समोरच्याच लॉजवर खोल्या झाडते, चादरी बदलते. ती आतल्या खोलीत पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

“बाबा, उद्या मानपत्र घेताना सांगून टाका. चार किल्ल्यांचं.”

“वेड लागलंय तुला? साठ मालकांसमोर? बावीस वर्षांची अब्रू आहे.”

“कुणाची? पितळेच्या तुकड्याची?”

“लोक दुकानात येणार नाहीत. खाणार काय आपण, मानपत्र?”

“आणि ती बाई?”

“ती तीन दिवसांनी जाईल.”

“तुम्ही आणि मॅनेजर एकाच कारखान्यातून निघालायत. दातसुद्धा सारखेच.”

बाबांनी तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाले, “हे गुपित आपल्या दोघांत आहे. तिसऱ्याला कळलं तर गाव लुटलं जाईल, ते तुझ्या डोक्यावर.”

आत आत्याने तेलाची बाटली बंद केली, बाहेर येऊन कमरेला हात घातला आणि एक जुडगा बाबांसमोर टाकला. चार किल्ल्या. दोरे नव्हते, पण दात मला दुरूनच ओळखता आले.

बाबांनी चारही किल्ल्या बोटाने उलट्यापालट्या केल्या. “तुला... कधीपासून?”

“लॉज उघडल्यावर दुसऱ्या महिन्यापासून. ऐंशी किल्ल्यांचं ओझं कमरेला बांधून जिने चढ, मग तुलाही कळेल. एक दिवस चुकीची लावली, उघडलं. मग सगळ्या लावून बघितल्या. आम्हा सगळ्या झाडणाऱ्यांना ठाऊक आहे, दादा. चार किल्ल्यांत गाव झाडतो आम्ही.”

“मग बोललीस का नाहीस?”

“कुणाला? मालकाला? आणि त्यानंतर पहिला टॉवेल हरवला की पहिली चोर कोण? कारखाना, मालक, की मी?” तिने जुडगा परत कमरेला खोचला. “तू आपला पडद्यामागे किर्र-किर्र करत बस. दोन मिनिटं लागतात तुला. आम्हाला तेवढंही लागत नाही.”

मी पेटीतली पितळी कडी काढली, चार पितळी स्क्रू कागदात बांधले आणि पिशवीत टाकले.

सकाळी अकराला हॉल भरला होता. फुगे, माइक, मागे पडदा. पहिल्या चार रांगांत मालक, सगळे पुरुष. बायका मोजून तीन: मी, पाण्याचा जग धरून दाराशी आत्या, आणि स्टेजवरच्या खुर्चीत नर्सबाई. तिचे डोळे आपोआप मिटत होते आणि माइकने किंचाळी मारली की उघडत होते. रात्रभर तिने त्या प्लास्टिकच्या खुर्चीसोबत जागल केली होती, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

अध्यक्ष उभे राहिले. “स्त्री ही आपली माता आहे, भगिनी आहे,” इथून सुरुवात झाली, आणि अर्धा तास नात्यांची यादी चालली. पाहुणी हे नातं काही त्यात आलं नाही. मग दहा सूचना वाचल्या. दहाव्या सूचनेला टाळ्या पडल्या. “आणि आपली दारं इतकी भक्कम आहेत,” अध्यक्ष म्हणाले, “त्याचं श्रेय आपल्या उस्तादांना! आणा ते मानपत्र!”

मॅनेजरने खिसे चाचपले. पुढचे, मागचे, शर्टाचे. मग तो अध्यक्षांच्या कानाशी लागला. माइक चालू होता.

“साहेब, मानपत्र आणि पुष्पगुच्छ ऑफिसात आहेत. ऑफिसला कुलूप आहे. किल्ली सापडत नाही.”

हॉल हसला. अध्यक्ष मात्र खूश झाले. “यालाच योग म्हणतात! उस्ताद समोर असताना किल्लीची काय चिंता? उस्ताद, दाखवा आपली करामत! स्वतःचं मानपत्र स्वतः सोडवा!”

टाळ्या. बाबा उठले. खिशात चार प्रकारच्या किल्ल्या आणि एक कानस कायम असायचीच. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली, आणि स्टेजच्या पडद्यामागे गेले. किर्र-किर्र, किर्र-किर्र. साठ मालक श्वास रोखून त्या आवाजाकडे बघत होते. आवाजाकडे बघता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी नर्सबाईकडे पाहिलं. तिची मान एका बाजूला कलंडली, ती दचकली, आणि अर्धवट झोपेत तिचा हात पर्सवर गेला. आत किल्ली होती. तिने ती धरून ठेवली, जसं काही त्या किल्लीने काही अडणार होतं.

मी स्टेजवर चढले.

“बाई, तुमची किल्ली द्या.”

तिने दिली. ऑफिसचं दार हॉललाच लागून होतं, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि त्यालाही पिवळ्या दोऱ्याचीच किल्ली लागते हे मला ठाऊक होतं. मी नऊ नंबरची किल्ली त्यात घातली, फिरवली, आणि दार ढकललं. आत टेबलावर पुष्पगुच्छ सुकत पडला होता.

पडद्यामागे किर्र-किर्र चालूच होतं. साठ मालकांसमोर बाबा दोन मिनिटांवर भागवणार नव्हते, आणि कानस चालू असली की त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नाही.

“हे... हे कसं?” मॅनेजर म्हणाला.

“योगायोग,” अध्यक्ष म्हणाले. “कधी कधी होतं.”

“मग तुमची किल्ली द्या,” मी म्हटलं. “तुमच्या लॉजवरच्या खाजगी खोलीची. ही खोली तिने उघडते का बघू.”

अध्यक्षांनी खिशावर असा हात ठेवला, जसं आत्तापर्यंत मी फक्त बायकांना पदर सावरताना पाहिलं होतं.

“गावात चार किल्ल्या आहेत,” मी माइकमध्ये सांगितलं. “चारच. पेटीबंद स्वस्त माल घेतलात, तेव्हापासून. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या खिशात समोरच्याची दारं आहेत. खोटं वाटत असेल तर जा, लावून बघा.”

मग पहिल्या रांगेतला एक मालक शेजाऱ्याकडे वळला. शेजाऱ्यानेही त्याच्याकडे बघितलं. दोघांनी एकदमच खिशात हात घातले. आणि मग जी धूम उठली ती विचारू नका. साठ प्रतिष्ठित गृहस्थ जिन्यांवरून वर-खाली पळतायत, मिळेल त्या दाराला किल्ली लावतायत, दार उघडलं की किंचाळतायत. कुणी रस्ता ओलांडून स्वतःच्या लॉजवर धावला तर तिथे प्रतिस्पर्धी आधीच पोचून खोल्या उघडत होता. दुसऱ्या मजल्यावरचा टॉवेलवाला पुन्हा टॉवेलवरच होता. दहा मिनिटांत चार अनोळखी पुरुष आत घुसल्यावर तो बाल्कनीतून “मला वाचवा!” म्हणून ओरडत होता. संघटनेचे चिटणीस ज्या पंख्याच्या चोरीची वर्षभर बोंब मारत होते, तो पंखा उपाध्यक्षांच्या खोलीत गरगर फिरत होता. पात्यावर चिटणीसांचंच नाव रंगवलेलं. सगळ्या दिशांना ते नाव फिरत होतं.

अध्यक्ष घाम पुसत परत आले. त्यांची खाजगी खोली आमच्या शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने उघडली होती, त्याच्या स्वतःच्या छोट्या लॉजवरच्या किल्लीने.

“म्हणजे कुणीही,” ते म्हणाले, “कुणीही केव्हाही माझ्या खोलीत येऊ शकतं? मी झोपलेला असताना?”

“हो,” नर्सबाई म्हणाली.

एवढंच. एक अक्षर. पण अध्यक्ष खुर्चीत बसले.

मग त्यांना सुचलं. मोठ्या माणसांना संकटात नेहमी खालचं कुणीतरी सुचतं. “या झाडणाऱ्या बायका!” ते आत्याकडे बोट दाखवून म्हणाले. “यांना माहीत असणार! बावीस वर्षं आपल्या खोल्यांत...”

आत्याने जग खाली ठेवला. कमरेचा जुडगा काढून वर धरला.

“माहीत होतं, साहेब. बावीस वर्षं गावातली सगळी दारं माझ्या कमरेला आहेत. आता सांगा, तुमच्या खोलीतून काय गेलं? घड्याळ? पैसे? पंखा?”

अध्यक्षांनी तोंड उघडलं. उपाध्यक्षांकडे बघितलं. बंद केलं.

“मग बोट खाली घ्या,” आत्या म्हणाली.

त्यांनी घेतलं. निघून जाताना मात्र फर्मान सोडलं: “नवी कुलपं! उद्यापर्यंत! आधी माझी खोली, मग संघटनेचं ऑफिस, मग मालकांच्या खोल्या. पाहुण्यांचं नंतर बघू.” वरातीमागून घोडं आणायचं, आणि त्यावरही आधी आपणच बसायचं.

हॉल रिकामा झाला. नेमके तेव्हाच बाबा पडद्यामागून बाहेर आले. किल्ली उंच धरलेली, चेहऱ्यावर ते बावीस वर्षांचं हसू.

“झाली!”

समोर रिकाम्या खुर्च्या, फुटलेले फुगे, मी आणि नर्सबाई. ऑफिसचं दार सताड उघडं. बाबांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या किल्लीकडे पाहिलं. हात हळूहळू खाली आला. त्या हाताकडे मला बघवेना. खरं उघडं केल्यावर गोड काही वाटत नाही, हे कुणी आधी सांगत नाही.

नर्सबाई उठली. तिने ना बाबांना दोष दिला ना धीर. म्हणाली, “दादा, मला कडी हवीय.”

बाबांनी हातातली किल्ली खिशात टाकली. मग मला विचारलं, “कडी आणलीयस?”

मी पिशवीतून काढून दिली.

“पितळी घेतलीस?”

“लोखंड खारी हवा खाते. तुम्हीच म्हणालात.”

“तेवढं मात्र खरं बोललो होतो,” ते म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर मॅनेजर धापा टाकत आडवा आला. “नियम आहे! दाराला नवीन भोक...”

“नवीन कशाला?” बाबा म्हणाले. त्यांनी नखाने रंग खरवडला, लांबी उकरली. बावीस वर्षांपूर्वीची चार भोकं त्यांनी अंदाजाने शोधली, डोळे न मिटता. “ही तुमचीच आहेत.”

खालून अध्यक्षांचा निरोप आला, उस्तादांना लगेच बोलावलंय. बाबांनी निरोप्याला सांगितलं, “रांग आहे. पहिला नंबर नऊचा.” मग ते स्क्रू पिळत बसले. कोयंडा चौकटीत बसेना तेव्हा कानस काढली आणि घासायला लागले. तोच किर्र-किर्र. पण या वेळी खाली पितळेचा खरा भुगा पडत होता. बाबा मध्येच थांबून त्या भुग्याकडे बघत होते, जसं काही कानशीतून असं काही पडतं हे ते विसरूनच गेले होते.

नर्सबाई आत गेली. दार लागलं. खट्ट.

आम्ही दोघं जिन्यात थोडा वेळ उभे राहिलो. आतून काही आवाज आला नाही.

पुढे नवी कुलपं आली, ती वेगळी गोष्ट. सगळ्या खोल्यांना अजून आली नाहीत, तीही गोष्टच. पाटी मात्र आठवड्यात बदलली. आता अकरा सूचना आहेत. अकरावी अशी: ‘महिलांनी स्वतःची कडी सोबत आणावी.’ मी खडूने तिच्याखाली रोज काहीतरी लिहिते आणि रोज कुणीतरी पुसतं. माझ्याकडे खडू भरपूर आहेत.

पण त्या दुपारनंतरचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता मॅनेजर धावत दुकानात आला. घामाघूम, हातात जुडगा.

“उस्ताद, चला लवकर! नऊ नंबर उघडत नाही!”

“का उघडायचंय?” मी विचारलं.

“काल दुपारी आत गेल्यात, अजून बाहेर नाहीत! सव्वीस तास झाले! जेवण नाही, चहा नाही.”

“हाक मारलीत?”

“दहा वेळा.”

“मग?”

“दहाव्या वेळी आतून म्हणाल्या, ‘जा.’”

“मग गेला का नाहीत?”

“अहो, पण दार उघडत नाही ना! चारही किल्ल्या लावून बघितल्या!” म्हणजे एका दिवसात याच्याकडेही चार झाल्या होत्या. तो बाबांकडे वळला, हात जोडून. “उस्ताद, तुम्ही या. तुम्ही उघडाल. गावात असं दार नाही जे तुम्हाला उघडत नाही.”

बाबांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. परत लावला.

“आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे? तुम्हालासुद्धा नाही उघडणार?”

“मलासुद्धा नाही.”

शेजारच्या नारळवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. लोक पोरांचे निकाल सांगतात तसे. मग पडद्यामागे न जाता तिथेच टेबलापाशी बसले, शेगड्यात दुसरी कडी आवळली, आणि सगळ्या रस्त्यासमोर घासायला लागले.